पतंगांची हजेरी

जूनअखेरीस दक्षिण इंग्लंडमध्ये रात्र फार लहान असते. सूर्य सव्वानऊनंतर मावळतो आणि पावणेपाचच्या सुमारास पुन्हा वर येतो. बागेत दिव्याचा सापळा लावून पतंगांची नोंद ठेवणाऱ्याला मधल्या काही तासांच्या अंधारावर भागवावं लागतं आणि उजाडायच्या आत उठावंही लागतं. त्याला उशीर झाला तर रॉबिन आणि रेन हे पक्षी आधी हजर होतात. सापळा कुठे असतो हे ते लवकरच शिकतात. कुंपणावर, भिंतीवर, गवतात बसलेले पतंग ते एकेक करून टिपतात आणि मोजणाऱ्यासाठी मागे उरतात ते नुसते पंख.

ब्रिटनमध्ये फुलपाखरांच्या जाती साठेक आहेत, पतंगांच्या सुमारे अडीच हजार. फुलपाखरं उन्हात फिरतात, चालता चालता मोजता येतात. बहुतेक पतंगांचा सगळा व्यवहार रात्री चालतो, त्यामुळे त्यांना मोजायचं तर दिवा लावण्यावाचून गत्यंतर नाही. हे काम करणारे बहुतांश लोक हौशी आहेत. परसातल्या हिरवळीवर एक पेटी, वर दिवा, हाताशी वही आणि काही पारदर्शक डब्या, एवढ्या सामग्रीवर ते वर्षानुवर्षं एकाच जागी मोजत राहतात. दुर्मीळ पतंग सापडला की सगळ्यांनाच आनंद होतो. पण त्यांच्या वहीला मोल येतं ते नेहमीच्या पतंगांच्या आकड्यांमुळे.

सापळ्याची रचना साधी असते. रॉबिन्सन बंधूंनी १९५० मध्ये सुचवलेला सापळा गोल पिंपासारखा असतो. मधोमध पाऱ्याच्या वाफेचा दिवा, त्याभोवती उभ्या पट्ट्या आणि खाली नरसाळं. दिव्याभोवती फिरणारा पतंग पट्टीवर आदळतो, नरसाळ्यातून घसरून आत पडतो आणि त्याला परतीची वाट सापडत नाही. बर्नार्ड स्किनर यांच्या नावाने ओळखला जाणारा सापळा म्हणजे लाकडी पेटी. तिच्यावर पारदर्शक प्लास्टिकच्या दोन उतरत्या पाट्या असतात, मधे बारीक फट आणि फटीच्या वर दिवा. जॉन हीथ यांचा छोटा सापळा बॅटरीवर चालतो, तो रानातही नेता येतो. पाऱ्याचा दिवा इतका तापतो की पावसाचा थेंब पडला तरी काच तडकू शकते, म्हणून त्यावर छप्पर लागतं. त्याचा पांढराशुभ्र झोत शेजाऱ्यांच्या खिडकीतही शिरतो. तेव्हा सापळा लावण्याआधी शेजाऱ्यांशी बोलून घेणं हा या कामाचाच भाग आहे.

पतंग दिव्याकडे का येतात? ते चंद्राच्या आधाराने दिशा ठरवतात आणि दिव्याला चंद्र समजून फसतात, हे उत्तर अनेक वर्षं दिलं जात होतं. सॅम्युएल फॅबियन, यश सोंधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवान कॅमेऱ्यांनी कीटकांचं उड्डाण टिपलं आणि २०२४ मध्ये वेगळं उत्तर मांडलं. उडणारा कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवतो. लाखो वर्षं उजेड म्हणजे आकाश, म्हणजेच वरची बाजू, हे समीकरण पक्कं होतं. दिवा बाजूला असला की कीटक त्याच्याकडे पाठ वळवत कलतो आणि फेऱ्यांत अडकतो. तो दिव्याच्या वरून गेला तर उलटा होऊन खाली कोसळतो. पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या ओसरीतल्या बल्बभोवती घिरट्या घालणाऱ्या कीटकांची तडफडही याच कारणाने होत असावी.

पहाटेचं काम सापळा उघडण्यापासून सुरू होत नाही. आधी आजूबाजूचा परिसर पाहायचा असतो. पुष्कळ पतंग आत न जाता जवळच विसावतात, आणि गवतात पाय जपून टाकला नाही तर तेच पायाखाली जातात. मग दिवा बंद करायचा, वरच्या पाट्या हळूच काढायच्या. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे एकावर एक तिरके रचलेले असतात. आत पडलेल्या पतंगाला अंधारी, खडबडीत जागा हवी असते आणि ट्रेच्या खळग्यांत ती मिळते. एकेक ट्रे उचलायचा, उलटायचा, प्रत्येक खळग्यात कोण बसलं आहे ते पाहायचं, वहीत जातीच्या नावापुढे ताळ्याची खूण करायची आणि ट्रे सावलीत ठेवायचा. ट्रे जोरात उचलला की अर्धी मंडळी मोजणीआधीच पसार होतात.

सर्वांत आधी मोजावे लागतात ते लार्ज यलो अंडरविंग. बसलेला असताना हा पतंग मातकट तपकिरी दिसतो. पुढचे पंख उचलले की खाली नारिंगी-पिवळे, काळ्या काठाचे मागचे पंख उघडे पडतात. तो शांत बसत नाही. उंदरासारखा ट्रेवरून पळतो, इतरांना धडकतो, त्यांनाही उठवतो. ऑगस्टमध्ये एखाद्या उबदार रात्री सापळा यांनीच भरलेला असतो. बफ-टिप याच्या अगदी उलट. रुपेरी करडे पंख अंगाभोवती गुंडाळून तो निपचित बसतो. डोक्याकडचा आणि पंखांच्या टोकाचा फिकट पिवळा भाग नुकत्याच मोडलेल्या बर्चच्या काटकीच्या आतल्या लाकडासारखा दिसतो. बोटाने ढकलला तरी तो बहुधा हलत नाही.

एखाद्या खळग्यात एलिफंट हॉकमॉथ असतो, गुलाबी आणि शेवाळी रंगाचा. नवख्यांना हा ब्रिटनच्या बागेतला पतंग आहे हे खरंच वाटत नाही, पण तो मुळीच दुर्मीळ नाही. त्याच्या अळ्या विलोहर्ब या पडीक जागी माजणाऱ्या तणावर वाढतात. त्याला बोटावर घेतलं तर तो लगेच उडत नाही. आधी पंख थरथरू लागतात, थरथर वाढत जाते आणि ती बोटाला स्पष्ट जाणवते. उडण्यासाठी छातीतले स्नायू पुरेसे गरम व्हावे लागतात आणि थंड पहाटे तो ती ऊब अशी स्वतःच तयार करतो. मिनिटभराने तो सुटतो. पॉपलर हॉकमॉथ मात्र हातावर रेंगाळतो. त्याचे मागचे पंख पुढच्या पंखांच्याही पुढे आलेले असतात आणि डिवचलं की त्यांच्या मुळाशी विटकरी लाल डाग चमकतो. प्रौढपणी तो काहीच खात नाही. अळीने साठवलेल्या चरबीवर तो जगतो, अंडी घालण्याइतका.

ओळखीपाशी कस लागतो. जुन्या पुस्तकांत टाचणीने पंख पसरून ठेवलेल्या नमुन्यांची चित्रं असत. जिवंत पतंग तसा कधी बसत नाही. २००३ मध्ये पॉल वॉरिंग आणि मार्टिन टाउनसेंड यांचं मार्गदर्शक पुस्तक आलं. त्यात रिचर्ड लुइंग्टन यांनी पतंग जसे बसतात तसे रंगवले, आणि बागेत बसून ओळख पटवणं खूप सोपं झालं. तरीही काही जोड्या हट्टी आहेत. ग्रे डॅगर आणि डार्क डॅगर या दोन करड्या पतंगांच्या अळ्या एकमेकींहून सहज वेगळ्या दिसतात, पण प्रौढ पतंगांतला फरक जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली तपासूनच कळतो. जिवंत सोडायचा पतंग त्यासाठी मारायचा नसेल, तर वहीत दोन्ही नावं मिळून एकच नोंद होते. अंदाजाने एक नाव टाकण्यापेक्षा अशी मोघम नोंद कितीतरी उपयोगी, कारण पुढे तिच्यावर विसंबता येतं.

काही जातींत रंगरूपाचीही वेगळी नोंद करतात. पेपर्ड मॉथ आपल्याकडे विज्ञान शिकलेल्यांच्या ओळखीचा आहे. १८४८ मध्ये मँचेस्टरला त्याचा काळा प्रकार आढळला. १८९५ पर्यंत तिथले सुमारे ९८ टक्के पेपर्ड मॉथ काळे झाले होते. पुढे भारतात येऊन स्थायिक झालेले जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२४ मध्ये, एवढ्या वेगाने बदल व्हायला निवडीचा दाब किती असावा लागेल, याचं गणित मांडलं. झाडांवर साचणारी कारखान्यांची काजळी कमी झाली तसा काळा प्रकार मागे पडला. मायकेल मॅजेरस यांनी २००१ पासून केंब्रिजजवळच्या बागेत हजारो पेपर्ड मॉथ सोडून पक्षी कोणाला टिपतात ते पाहिलं. २००९ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांचे निष्कर्ष सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. स्वच्छ झाडांवर काळे पतंग अधिक मारले गेले होते. आज इंग्लंडच्या बागेत बहुधा ठिपकेदार पांढराच सापडतो, आणि काळा आलाच तर वहीत त्याचा वेगळा उल्लेख होतो.

मोजणी संपली की पतंग दाट झुडपांत, पक्ष्यांच्या नजरेआड सोडतात. मग नोंद पूर्ण करायची. तिला चार गोष्टी लागतात. कोणती जात, कुठे, कधी आणि कोणी पाहिली. जोडीला संख्या, दिव्याचा प्रकार, रात्रीचं किमान तापमान, ढग, वारा. दमट, ढगाळ, वारा नसलेल्या रात्री सापळा भरतो. पौर्णिमेच्या निरभ्र रात्री तो जवळजवळ रिकामा राहू शकतो. ही यादी त्या परगण्याच्या पतंग-नोंदणी प्रमुखाकडे जाते. तो ती तपासतो. एखादा पतंग भलत्या महिन्यात किंवा भलत्या भागात दिसला की छायाचित्र मागतो.

रिकाम्या रात्रीचीही नोंद व्हायला हवी. गार्डन मॉथ स्कीम हा उपक्रम २००३ मध्ये वेस्ट मिडलंड्समध्ये सुरू झाला आणि २००७ पासून देशभर पसरला. त्यात मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत आठवड्यातून एक ठरलेली रात्र, शक्यतो शुक्रवार, सापळा लावायचा असतो, हवा कशीही असो. केवळ छान रात्री निवडून मोजलं तर आकडा वाढतो, पण दोन वर्षांची तुलना निरर्थक होते. पावसात भिजलेल्या शुक्रवारची दोन पतंगांची नोंद म्हणूनच आवश्यक आहे.

अशा मोजणीतून काय हाती लागतं, याचा जुना दाखला हर्टफर्डशायरमधल्या रॉथमस्टेडचा आहे. तिथल्या शेती संशोधन केंद्रात सी. बी. विल्यम्स यांनी १९३३ पासून चार वर्षं सापळा चालवला. १५,६०९ पतंग, २४० जाती. त्यातल्या ३५ जातींचा चार वर्षांत एकेकच पतंग आला होता. थोड्या जाती भरपूर, पुष्कळ जाती मोजक्या, हा आकृतिबंध विल्यम्स यांनी संख्याशास्त्रज्ञ आर. ए. फिशर यांच्यापुढे ठेवला. मलायातल्या फुलपाखरांचे आकडे घेऊन ए. एस. कॉर्बेट आले. तिघांचा १९४३ चा निबंध जैवविविधता मोजण्याच्या शास्त्राचा पाया ठरला. रॉथमस्टेडने १९६८ पासून देशभर अशा सापळ्यांचं जाळं उभं केलं.

त्या जाळ्याचे आकडे पन्नास वर्षांनी बोलू लागले. २०२१ च्या अहवालानुसार १९६८ ते २०१७ या काळात ब्रिटनमधल्या मोठ्या पतंगांची एकूण संख्या ३३ टक्क्यांनी घटली. दक्षिणेत घट ३९ टक्के, उत्तरेत २२. एकेकाळी सर्वांना माहीत असलेला, तपकिरी-पांढऱ्या नक्षीचा गार्डन टायगर आता अनेक बागांच्या यादीतून गेला आहे. दुसरीकडे पूर्व आशियातला बॉक्स-ट्री मॉथ २००७ मध्ये केंटमध्ये प्रथम दिसला आणि आता दक्षिणेत बॉक्सच्या कुंपणांचा फडशा पाडतो. गेलेल्यांची आणि आलेल्यांची तारीख सांगता येते, कारण कोणीतरी ठरल्या रात्री ट्रे उलटून पाहत होतं. पतंग घटले की पिलांना अळ्या भरवणारे पक्षी आणि वटवाघळं यांच्या ताटातलंच कमी होतं. म्हणून ही हानी कीटकप्रेमींपुरती राहत नाही.

आता अडचण दिव्याचीच आहे. पाऱ्याचे दिवे बाजारातून जात आहेत, त्यांची जागा एलईडी आणि कमी वॅटच्या नळ्या घेत आहेत. या दिव्यांना वीज कमी लागते आणि शेजाऱ्यांनाही त्रास होत नाही. पण त्यांच्या उजेडातल्या अतिनील किरणांचं प्रमाण वेगळं असतं आणि त्यांच्याकडे येणारे पतंगही संख्येने आणि जातींनी वेगळे असतात. पुढच्या वर्षी आकडा घटला तर पतंग घटले की दिवा बदलला, हे ठरवायचं कसं? काही जण त्यासाठी एकाच बागेत जुना आणि नवा दिवा आलटून पालटून लावतात आणि दोन्हींचे रकाने वेगळे ठेवतात. हे काम कंटाळवाणं आहे, एक-दोन उन्हाळे चालतं आणि त्यातून क्वचितच नवी जात सापडते. पण जुन्या वहीतले आकडे नव्या वहीतल्या आकड्यांशी जोडायचे तर दोन दिव्यांच्या आकड्यांमधला गुणक हाती असावा लागतो. म्हणून जुने दिवे संपायच्या आत तो काढून ठेवण्याची घाई आहे.