वणवा, धूर आणि उपग्रह

होळी होऊन गेली, पानगळ पुरी झाली, की गडचिरोली, चंद्रपूर व मेळघाट ह्या भागांतील डोंगरांवर रात्री अग्नीच्या रांगा दिसू लागतात. मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविला जातो. तेंदूला पालवी चांगली फुटावी म्हणूनही आग लावली जाते. कोठे बांधावरचा जाळ वाऱ्याने रानात शिरतो. वणवा गावाच्या परिचयाचा आहे. परंतु त्याचा धूर किती दूर जातो आणि त्यापासून कोणास काय अपाय होतो, ह्याचा विचार सहसा होत नाही. कृत्रिम उपग्रहांच्या साहाय्याने तो आता करता येतो. परिसर अभ्यासाच्या पाठात ह्या विषयास सहज स्थान देता येईल.

उपग्रहास आग कशी कळते?

लोहाराने भट्टीतून काढलेला फाळ लालबुंद असतो. लाली मावळल्यावरही हात जवळ नेला असता धग लागते. ही धग म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण होत. वस्तू जितकी अधिक तप्त, तितक्या तिच्या किरणांच्या लहरी आखूड. नेहमीच्या तापमानाच्या जमिनीतून निघणारे किरण मुख्यतः १० मायक्रॉनच्या आसपास लांबीचे असतात. (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) पेटलेले रान मात्र ४ मायक्रॉनच्या लहरींत अतिशय प्रखर दिसते. उपग्रहावरील उपकरण ह्या दोन्ही लहरी मोजते. एखाद्या चौकोनातील ४ मायक्रॉनचे तेज शेजारच्या चौकोनांहून एकाएकी वाढलेले आढळले, म्हणजे तेथे आग असावी असे अनुमान निघते.

१९९९ साली सोडलेल्या टेरा व २००२ साली सोडलेल्या अ‍ॅक्वा ह्या उपग्रहांवर मोडिस नावाचे असे उपकरण बसविण्यात आले. सुमारे ७०५ किलोमीटर उंचीवरून ते भूमीचे १ किलोमीटर बाजूचे चौकोन पाही. अशा चौकोनात केवळ पाव एकर जागेवर ज्वाला असल्या तरी सामान्यतः त्या ओळखता येत. २०११ पासून व्हिअर्स हे अधिक सूक्ष्म उपकरण कामास आले. त्याचा चौकोन ३७५ मीटरांचा, म्हणजे सुमारे ३५ एकरांचा असतो. येथे एक गोष्ट ध्यानी ठेवावी. नकाशावर लाल ठिपका दिसला म्हणजे ३५ एकर जळाले असे नव्हे. त्या ३५ एकरांत कोठेतरी आग आहे, एवढेच तो सांगतो.

धुराचे मापन

आगीच्या तेजावरून किती काष्ठ व पाला जळत असावा, ह्याचा अंदाज बांधता येतो. धुराचे मापन मात्र निराळ्या रीतींनी होते. पहिली रीत प्रकाशाची. अंधाऱ्या खोलीत कौलांच्या फटीतून आलेला कवडसा चुलीचा धूर पसरताच ठळक दिसू लागतो, कारण धुराचे कण प्रकाश विखुरतात. हवेतील कणांनी सूर्यप्रकाश किती विखुरला व शोषला, हे उपग्रह मोजतो व त्यावरून धूर किती दाट आहे ते ठरते. दुसरी रीत वायूची. अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो व तो हवेत अनेक आठवडे टिकतो. २०१७ साली सोडलेल्या सेंटिनेल-५पी ह्या युरोपीय उपग्रहावरील उपकरण त्याचा माग काढते. तिसरी रीत उंचीची. कॅलिप्सो ह्या उपग्रहाने २००६ पासून २०२३ पर्यंत लेझर किरण खाली सोडून धुराचे थर किती उंचीवर आहेत हे मोजले.

उंचीचे महत्त्व मोठे आहे. डोक्यावरून उंच जाणारा धूर सूर्यबिंब तांबूस करतो, पण श्वासात येत नाही. जमिनीलगतचा धूर छातीत जातो. उपग्रह वरून पाहत असल्याने हा भेद त्यास सर्वदा कळत नाही. म्हणून त्याच्या मापनाला जमिनीवरील यंत्रांची व वाऱ्याच्या गणिताची जोड द्यावी लागते.

कॅनडातील उदाहरण

२०२३ च्या उन्हाळ्यात कॅनडात दीड कोटी हेक्टरांच्या आसपास क्षेत्र जळाले. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या ते जवळजवळ निम्मे भरते. क्विबेक प्रांतातील वणव्यांचा धूर शेकडो किलोमीटर दक्षिणेस वाहत गेला आणि ७ जून रोजी न्यूयॉर्कचे आकाश भरदिवसा नारिंगी झाले. तेथील सार्वजनिक शाळांनी मैदानावरील सर्व कार्यक्रम रद्द केले. त्याच महिन्यात हा धूर अटलांटिक महासागर ओलांडून युरोपातही पोहोचला. त्याची वाट उपग्रहांच्या चित्रांत दिवसागणिक दिसत होती. ज्या मुलांनी ते रान कधी पाहिले नव्हते, त्यांच्या शाळेचे मैदान त्या रानाच्या आगीने बंद पाडले.

आपल्या राज्यातील उपयोग

देहरादून येथील भारतीय वन सर्वेक्षण संस्थेने २००४ पासून उपग्रहांनी टिपलेल्या आगींची वार्ता राज्यांच्या वन विभागांस कळविण्यास आरंभ केला. नाव नोंदविणाऱ्या नागरिकासही आपल्या भागातील आगीचा इशारा भ्रमणध्वनीवर मिळू शकतो. नासा ह्या अमेरिकन संस्थेचा आगींचा नकाशाही सर्वांस विनामूल्य खुला आहे.

तथापि ह्या साधनाच्या मर्यादा ओळखल्या पाहिजेत. असा उपग्रह एका ठिकाणावरून दिवसातून मोजक्याच वेळा, बहुधा दुपारी व मध्यरात्रीनंतर, जातो. मधल्या काळात लागून विझलेली आग त्यास दिसत नाही. ढगांखालची आग लपते. दाट झाडीखाली हळूहळू सरकणारा पाचोळ्याचा जाळही कित्येकदा निसटतो. उलट, एखादा तापलेला कारखाना वणवा म्हणून नोंदला जाण्याचा संभव असतो. म्हणून ठिपक्यावरून गावास दोष देऊ नये. प्रत्यक्ष जाऊन पाहावे.

शाळेत काय करता येईल?

१. शिवाराच्या नकाशावर ३७५ मीटरांचे चौकोन आखवून घ्यावेत. शाळा, मोहाची झाडे, पाणवठे व जाळरेषा कोणत्या चौकोनात येतात ते मुलांकडून भरून घ्यावे.

२. फेब्रुवारी ते मे ह्या काळात ठरावीक वेळी दूरचा एक डोंगर पाहून ‘स्पष्ट’, ‘अंधूक’ किंवा ‘दिसत नाही’ अशी नोंद रोज ठेवावी. वाऱ्याची दिशाही लिहावी. सूर्याकडे कोणीही टक लावून पाहू नये.

३. धूर जमिनीलगत दाटला असेल त्या दिवशी कवायत व खेळ बंद ठेवून मुलांस वर्गात बसवावे. धुरातील २.५ मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसात खोलवर शिरतात आणि साधा रुमाल त्यांना पुरेसा अडवीत नाही. भारताच्या मानकानुसार अशा कणांचे २४ तासांचे प्रमाण घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली १५ ही मर्यादा सुचविली आहे. दम्याची व्यथा असलेल्या मुलांकडे विशेष लक्ष द्यावे.

४. पालकसभेत मोहाचा प्रश्न सामंजस्याने मांडावा. मोह हे अनेक घरांचे उत्पन्न आहे. ‘आग लावू नका’ एवढ्याने भागत नाही. पाचोळा झाडून बाजूस सारणे, झाडाखाली जाळी बांधून फुले झेलणे, हे उपाय ग्रामस्थांपुढे ठेवावेत.

उपग्रह आग पाहतो. ती विझवीत नाही. त्याचा इशारा आल्यावर डोंगर चढून जाणारा वनरक्षक आणि त्याच्या मदतीस धावणारे ग्रामस्थ हेच खरे रानाचे राखणदार होत. पाचोळ्याखाली पेटविलेली एक काडी आपल्याच वर्गातील खोकणाऱ्या भावंडापर्यंत कशी पोहोचते, हे ज्या मुलास उमगले, ते पुढच्या मोहाच्या हंगामात घरच्यांचा हात धरून थांबवील. ह्या पाठाचे मोल तेवढ्याने भरून पावेल.