गोळ्याविना तोफ

मासवणहून किनाऱ्याकडे गेले की तारापूरचा किल्ला लागतो. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून जिंकला. अशा लढायांत तोफेचे काम गोळा दूर फेकण्याचे. गोळा नळीबाहेर पडला की दारूचा जोर संपतो. मिळालेला वेग त्याला पुढे नेतो, पृथ्वी खाली ओढते आणि त्याची वाट कमानीसारखी वाकते. हवा नसती, तर सपाट जमिनीवर ४५ अंशांच्या कोनात गोळा सर्वांत लांब गेला असता. हवेच्या अडथळ्याने पल्ला बराच घटतो.

तोफेचे दुसरे काम रमजानचे. मध्य प्रदेशातल्या रायसेन किल्ल्यावरून सहरी आणि इफ्तारची वेळ तोफेने कळवतात. तिच्यात गोळा नसतो, नुसती दारू. धावतो तो आवाज, सेकंदाला सुमारे ३४० मीटर. तीन किलोमीटरवरच्या रोजेदाराला तो साधारण नऊ सेकंदांनी ऐकू येतो. संध्याकाळी काही बिघडत नाही, हातातला खजूर नऊ सेकंद थांबतो. पहाटे मात्र तेवढा वेळ घास चालूच राहतो. म्हणून आवाजाची वाट न पाहता सहरी थोडी आधीच आटोपलेली बरी.

दारू तीच. गोळा काढला की तिचा धाक जातो, हाक उरते.