पद्मिनी की ओम्नी? दोन्ही मागच्या चाकांवर, पण कारणं वेगळी

दीपनगरला आमच्या दारात दोन म्हाताऱ्या गाड्या आहेत. वडिलांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी आणि काकांकडून आलेली १९९९ची मारुती ओम्नी. नोंदणीचं नूतनीकरण, विमा, सगळं दुप्पट. म्हणून आता एकच ठेवायची. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी जळगावला न्यावं लागतं, तेव्हा निवड चुकून चालणार नाही.

दोन्ही गाड्या ‘रिअर व्हील ड्राइव्ह’. म्हणजे इंजिनची ताकद शाफ्टमधून मागच्या चाकांना जाते. मग फरक काय?

पद्मिनीचं मूळ फियाट ११००च्या १९५३ सालच्या डिझाइनमध्ये आहे. पुढची चाकं वळवायचीही आणि त्यांनाच ताकदही द्यायची, तर खास जॉइंट लागतात. ते तेव्हा महाग आणि बेभरवशाचे होते. म्हणून १०८९ सीसीचं इंजिन बॉनेटखाली, मग लांब शाफ्ट, आणि मागे पाट्यांवरचा अ‍ॅक्सल. त्या काळी बहुतेक गाड्या अशाच असायच्या.

ओम्नी १९८४ साली आली, तेव्हा मारुती ८०० पुढच्या चाकांवर धावत होतीच. तेच ७९६ सीसीचं इंजिन ओम्नीत पुढच्या सीटखाली गेलं आणि ताकद मुद्दाम मागे दिली. का? तर माल. मागे केळीचे घड भरले की मागची चाकं जमीन घट्ट धरतात, चढावर तर वजन आणखी मागे येतं. रिकामी ओम्नी मात्र पावसाळ्यात काळ्या मातीत चाक जागेवरच फिरवत बसते. (पद्मिनीही काही कमी नाही.)

पण आमचा निकाल लावला उन्हाळ्याने. मे महिन्यात पद्मिनीच्या पंपात पेट्रोलची वाफ होते, गाडी बंद पडते, आणि पंपावर ओलं फडकं टाकून थांबावं लागतं. डायलिसिसच्या दिवशी हे परवडत नाही. ओम्नीत सीट खालून तापते, पण माझी; आई मागे बसते, सरकत्या दारातून सहज चढते.

ओम्नीत पायांपुढे पत्र्याशिवाय फारसं काही नाही. नव्या सुरक्षा नियमांत बसेना म्हणूनच २०१९ साली ती बंद झाली. तेव्हा साठच्या वर मी जात नाही.

पद्मिनी विकतोय. घेणाऱ्याला वडिलांनी स्वतःच सांगितलं, क्लच सोडताना खालून ‘टक्’ आवाज येतो, शाफ्टचा क्रॉस आधी बदलून घ्या.