विश्लेषण : जुन्या जाळ्यातून नवे इंटरनेट कसे धावते?

इंटरनेटशी जोडलेल्या उपकरणाला पत्ता लागतो. जुन्या ‘आयपीव्ही ४’ पद्धतीत असे पत्ते सुमारे ४३० कोटीच आहेत. त्यांचा जागतिक शिल्लक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला. अमाप पत्ते देणाऱ्या ‘आयपीव्ही ६’चा आराखडा १९९८ मध्येच आला होता, पण या दोन पद्धती एकमेकींशी थेट बोलू शकत नाहीत. त्यावरचा एक तोडगा म्हणजे ‘टनेलिंग’.

टनेलिंग म्हणजे काय?

कोकण रेल्वेच्या रो-रो सेवेत भरलेला ट्रक जसाच्या तसा रेल्वेच्या वाघिणीवर चढतो आणि ठरलेल्या स्थानकावर उतरून पुन्हा रस्त्याला लागतो. टनेलिंगमध्येही नव्या पद्धतीचे डेटा पॅकेट जुन्या पद्धतीच्या पॅकेटमध्ये ठेवले जाते. वाटेतले जुने राउटर फक्त बाहेरचा पत्ता वाचतात. दुसऱ्या टोकाला वेष्टन काढले, की आतले पॅकेट पुढे निघते.

अडचण कुठे येते?

वेष्टनाचे किमान २० बाइट वाढतात. त्यामुळे १५०० बाइटांच्या नेहमीच्या मर्यादेत आतल्या पॅकेटला १४८० बाइटच उरतात. मोठे पॅकेट वाटेत अडले आणि तशी सूचना फायरवॉलने रोखली, तर जोडणी होते, पण पान उघडत नाही.

रिले कोणाच्या हाती?

२००१ मधील ‘सिक्स-टू-फोर’ पद्धतीत वाटेतला रिले अनेकदा तिसऱ्याच कोणाचा असे. तो बंद पडला तर तक्रार कोणाकडे करायची? अखेर २०१५ मध्ये असे सार्वजनिक रिले वापरू नयेत, अशी शिफारस झाली. फ्रान्समधील ‘फ्री’ कंपनीने मात्र २००७ मध्ये हीच कल्पना स्वतःच्या जाळ्यापुरती राबवली, रिले स्वतःकडे ठेवले आणि पाच आठवड्यांत ग्राहकांना आयपीव्ही ६ दिले.

सुरक्षिततेचे काय?

टनेल म्हणजे गुप्तता नव्हे; आतला मजकूर आपोआप कूटबद्ध होत नाही. उलट फायरवॉलने केवळ वेष्टन तपासले, तर आतले काहीही निसटू शकते. म्हणूनच कार्यालयीन जाळ्यात नको असलेले टनेल बंद ठेवणे शहाणपणाचे.

आपल्या फोनवर काय?

जिओच्या ४जी जाळ्यात सुरुवातीपासून आयपीव्ही ६ आहे. फोनच्या सेटिंगमधील आयपी पत्त्यात विसर्गासारखी दोन टिंबे दिसली, तर तो नव्या पद्धतीचा. तिथे टनेलची गरजच उरत नाही.