शेर्पा : जमात कीं हुद्दा?

गिर्यारोहणाची कथा सांगतांना आपण बहुधा शिखरापासून आरंभ करतों. कोण चढला, कोणत्या देशाचें निशाण तेथें फडकलें, एवढें कळलें म्हणजे आपलें समाधान होतें. त्या निशाणाची काठी खालून वर कोणी वाहून नेली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. श्रोतेहो, आज मला बोलावयाचें आहे तें या न विचारलेल्या प्रश्नाविषयीं.

प्रथम ‘शेर्पा’ हा शब्दच घ्या. ‘शर’ म्हणजे पूर्व व ‘पा’ म्हणजे लोक. कांहीं शतकांपूर्वी तिबेटांतून येऊन नेपाळच्या सोलुखुंबू प्रांतांत स्थायिक झालेल्या एका जमातीचें हें नांव. तींत शेतकरी आहेत, याक पाळणारे आहेत, व्यापारी आहेत, लामा आहेत. परंतु बाहेरच्या जगांत त्या शब्दाचा अर्थ ‘पर्वतावरचा हमाल’ असा होऊन बसला. संबंध जमातीचें नांव हुद्याचें नांव झालें, म्हणजे त्या जमातींतील माणसाच्या स्वतःच्या नांवाची गरज कोणास वाटेनाशी होते. वर्णभेद केवळ दारावरच्या मनाईच्या पाटींत नसतो. तो असा भाषेंतहि मुरतो.

१९२२ सालच्या ब्रिटिश मोहिमेंत ७ जून रोजीं एव्हरेस्टच्या उत्तर खिंडीखालीं हिमलोट कोसळून सात हमाल मृत्युमुखीं पडले. गोरा एकहि दगावला नाहीं. मोहिमेंतील डॉक्टर सॉमरव्हेल यांच्या मनाला ही गोष्ट फार लागली. आपणां ब्रिटिशांपैकीं एकानें तरी त्यांच्या मरणांत वांटा उचलावयास हवा होता, असें त्यांना वाटलें. (हेच सॉमरव्हेल पुढें त्रावणकोरांत नेय्यूर येथें कित्येक वर्षें रुग्णसेवा करीत राहिले.) १९३९ सालीं के-टू पर्वतावर डडली वुल्फ हा अमेरिकन गिर्यारोहक वरच्या तळावर एकटाच अडकून पडला. पासंग किकुली, पासंग किटार व फिन्सू हे तिघे शेर्पा त्याला आणावयास गेले. चौघांपैकीं कोणीहि परत आलें नाहीं.

अशा प्रसंगांची स्तुति पाश्चात्य ग्रंथांत पुष्कळ आढळते. शेर्पा हसतमुख, शेर्पा स्वामिनिष्ठ, शेर्पा जन्मतःच काटक! स्तुतीनेंहि माणसाला खालच्या पायरीवर बसवितां येतें. विरळ हवेंत पिढ्यान् पिढ्या राहिल्यानें त्यांच्या शरीरांत कांहीं अनुकूल बदल झाले आहेत, हें शास्त्रज्ञ मान्य करतात. परंतु दोर बांधण्याचें कसब रक्तांतून येत नाहीं, तें शिकावें लागतें.

तेनसिंग नोर्गे यांचें उदाहरण या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. १९५२ सालीं स्विस मंडळींनीं त्यांना चढाईच्या तुकडीचे बरोबरीचे सभासद करून घेतलें; लँबेर व ते असे दोघे सुमारें २८,२०० फुटांपर्यंत पोंचले. पुढल्या वर्षीं ब्रिटिशांबरोबर जातांना काठमांडूच्या ब्रिटिश वकिलातींत गोऱ्या पाहुण्यांची सोय खोल्यांत झाली आणि शेर्पांची मोटारी ठेवण्याच्या जागेंत, जेथें शौचालयहि नव्हतें. शेर्पांनीं आपला निषेध वकिलातीसमोर लघुशंका करून नोंदविला, असें सांगतात. शिष्टाचारास तें सोडून होतें खरें, परंतु म्हणणें सर्वांना समजलें.

२९ मे १९५३ रोजीं तेनसिंग व हिलरी शिखरावर पोंचले. हिलरी व मोहिमेचे पुढारी हंट यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. तेनसिंगना जॉर्ज पदक. भारतीय नागरिकानें परकीय पदवी स्वीकारूं नये असें आपली घटना सांगते, हें लक्षांत घेतलें तरी ती तफावत पुष्कळांना खटकली. ‘प्रथम पाऊल कोणाचें?’ हा प्रश्न तर वर्गांत मुलें मला हटकून विचारीत. एका दोरानें बांधलेल्या दोघांविषयीं हा प्रश्न पडावा, याचें मला नेहमींच नवल वाटे.

आतां धोका कसा वांटला जातो तें पाहूं. दर वसंतांत नेपाळच्या बाजूनें एव्हरेस्टची वाट खुंबू हिमप्रपातांतून तयार करतात. बर्फाच्या भेगांवर शिड्या टाकणें, दोर बांधणें, तंबू, अन्न व प्राणवायूच्या नळकांड्या वर पोंचविणें, हें सारें स्थानिक कामगार करतात. पैसे भरून आलेला गिर्यारोहक तो प्रपात थोड्याच वेळां ओलांडतो. त्याचें सामान नेणाऱ्यास तो कितीतरी अधिक वेळां ओलांडावा लागतो. १८ एप्रिल २०१४ रोजीं सकाळीं तेथें बर्फाचा कडा कोसळून १६ नेपाळी कामगार मेले. परदेशीयांच्या परवान्यांतून लक्षावधि डॉलर मिळविणाऱ्या सरकारनें प्रत्येक कुटुंबास तातडीची मदत देऊं केली ती ४०,००० नेपाळी रुपयांची. शेर्पांनीं त्या हंगामांत पुन्हां वर जाण्याचें नाकारलें आणि मोहिमा गुंडाळाव्या लागल्या. विम्याची रक्कम वाढली ती त्यानंतर.

आपल्याकडेहि पुण्यामुंबईचे तरुण-तरुणी एव्हरेस्टवर जाऊन येतात. हार पडतात, सत्कार होतात. त्या वृत्तांतांत बरोबरच्या शेर्पाचें नांव कितीदां असतें? गोऱ्यांनीं पाडलेली ही रीत आपण सांवळ्यांनींहि बिनबोभाट उचलली आहे.

१६ जानेवारी २०२१ रोजीं दहा नेपाळी गिर्यारोहक के-टूवर हिवाळ्यांत प्रथमच चढले. आठ हजार मीटरांहून उंच अशा १४ शिखरांपैकीं हिवाळ्यांत अजिंक्य राहिलेलें तें एकच उरलें होतें. पुढें असलेले शिखराच्या किंचित् अलीकडे थांबले, मागचे येऊन मिळाले, आणि दहाहि जण एकदमच वर गेले. या वेळीं ओझें त्यांचें, वाट त्यांची आणि मोहीमहि त्यांचीच होती.

खुंबूंतील फोर्त्से गांवीं २००३ सालीं शेर्पांसाठीं गिर्यारोहणाची शाळा सुरू झाली. हिवाळ्यांत, मोहिमांचें काम नसतें तेव्हां, तेथें दोरांचे प्रकार, जखमीस खालीं आणण्याच्या रीति व इंग्रजी शिकवितात. तेथें शिकवून गेलेल्यांपैकीं फिल हेंडरसन हे एक कृष्णवर्णीय अमेरिकन गृहस्थ. त्यांनीं केवळ कृष्णवर्णीयांची एक तुकडी उभारली, आणि १२ मे २०२२ रोजीं तिच्यांतील सात जण शेर्पांच्या सोबतीनें एव्हरेस्टवर पोंचले.