थोड्या पाण्यात बारमाही फुलं

"ताई, उन्हाळ्यात हंडे मोजून पाणी वापरायचं, त्यात फुलझाडं कशी जगवायची?" बचत गटाच्या बैठकीत हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न खोटा नाही. आमच्या सटाण्यात चैत्र-वैशाखात आरम नदीकडे बघवत नाही. पण मैत्रिणींनो, फुलझाड म्हटलं की आपल्याला गुलाब आणि शेवंतीच आठवते. जास्वंद, तगर, कण्हेर, मोगरा, कुंती ही झुडपं एकदा मुळं धरली की वर्षानुवर्षं हिरवी राहतात, आणि देवालाही यांचीच फुलं लागतात.

आपल्या बागलाणातल्या बाईला डाळिंबाचा बहार कसा धरतात हे शिकवावं लागत नाही. पाणी तोडायचं, ताण द्यायचा, पानगळ, छाटणी आणि मग खत-पाणी. अगदी हीच रीत मोगऱ्याची. नोव्हेंबर-डिसेंबरात त्याचं पाणी कमी करत बंद करायचं, जानेवारी संपता संपता फांद्या छाटून उरलेली पानं काढायची, बुंध्याशी चांगलं कुजलेलं शेणखत घालायचं आणि पाणी सुरू करायचं. उन्हाळा लागला की कळ्यांनी झाड भरतं. वर्षभर लाड करून पाणी घातलेला मोगरा नुसता पाल्याने माजतो आणि फुलं मोजकीच देतो.

जास्वंदीला मात्र ही रीत लावू नका. तिला ताण सोसत नाही, लगेच कळ्या गळतात. तिची फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून शेंडे अधूनमधून खुडायचे आणि पावसाच्या तोंडावर फांद्या एक तृतीयांश कापायच्या. ऊन पाच-सहा तास तरी हवं. पाणी रोज शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी मुळापर्यंत जाईल असं द्यावं आणि आळ्यात बाजरीचं सरमड किंवा वाळलेला पाला पसरावा, ओल टिकते. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी झाडांना चालतं, साबण-सोड्याचं नको.

आपल्याकडे चुनखडीच्या जमिनीत जास्वंदीची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. बायका म्हणतात, पाणी कमी पडलं, आणि आणखी पाणी ओततात. त्याने दुखणं वाढतं. झाडाला लोह मिळत नसतं. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि लिंबाचे चार थेंब घालून संध्याकाळी पानांवर फवारा. शेंड्यावर पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण, डाळिंबवाल्यांच्या ओळखीचाच! तो शेंडा कापून जाळायचा. बाकीच्या झाडावर निंबोळी अर्क फवारायचा. 50 ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या रात्री लिटरभर पाण्यात भिजवून सकाळी गाळल्या की झाला. मुंग्यांचाही बंदोबस्त करा, ढेकणाला या फांदीवरून त्या फांदीवर त्याच नेतात.

सगळ्यात कमी पाण्यावर जगते ती कण्हेर. महामार्गाच्या दुभाजकात ती उगीच लावत नाहीत. पण हिच्याबद्दल स्पष्टच सांगते, कण्हेरीचं पान, फूल, मूळ, चीक सगळं विषारी. आमच्या मागच्या गल्लीत कुणीतरी छाटलेल्या फांद्या रस्त्यावर टाकल्या आणि एका मावशींची दुभती शेळी त्या खाऊन दुपारपर्यंत गेली. त्या शेळीवर त्यांचं घर चालत होतं. पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, तिच्या बियांशी मुलं खेळतात. पोटात गेल्या तर थेट हृदयावर परिणाम होतो. अशा वेळी मीठ-पाणी पाजून उलटी काढत बसू नका, बी बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठा. घरात रांगतं मूल किंवा दारात जनावर असेल तर कण्हेर नकोच, तगर लावा. तीही पांढरीशुभ्र, महादेवाला चालणारी. चीक तिलाही असतो, म्हणून फुलं तोडल्यावर हात धुवायचे.

कुंतीचं कौतुक थोडक्यात. कढीपत्त्याची ही जवळची बहीण, एक पाऊस पडला की अशी दरवळते की गल्ली विचारत येते.

पहिल्या पावसानंतर आमच्या गटात फांद्यांची देवघेव चालते. पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची, तीन-चार डोळ्यांची फांदी तिरकी कापून सावलीत लावली की जास्वंद आणि तगर सहज फुटतात. यंदा लाल जास्वंदीच्या बारा फांद्या माझ्याकडे आहेत. बदल्यात कुंतीचं एखादं रोप मिळालं तर हवंच आहे.