समुद्र चमकला की व्हिडिओ व्हायरल होतो, पण शिंपल्यातलं विष कोणाला का दिसत नाही?

अंधारात निळ्या चमकणाऱ्या लाटांचे व्हिडिओ तुमच्याही फीडवर येऊन गेले असतील. नोव्हेंबर २०२० मध्ये मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर असा उजेड दिसला आणि सोशल मीडियावर त्याचीच चर्चा होती.

आपल्याकडे असा उजेड अनेकदा 'नॉक्टिल्युका' या एकपेशीय प्लवकाचा असतो. लाटेचा धक्का बसला की तो चमकतो. त्याची संख्या बेसुमार वाढली, तर पाण्यातला ऑक्सिजन कमी होऊन आणि अमोनिया वाढून मासे मरू शकतात. पण माणसाच्या जिवावर बेतणारं विष तो तयार करत नाही. ते विष बनवणारे जीव वेगळेच आहेत आणि ते चमकतीलच असं नाही.

हे नेमकं काय असतं?

समुद्रात सूक्ष्म शैवाल कायमच असतं. मासे आणि शिंपल्यांचं ते अन्न आहे. ऊन, पाण्याचं तापमान आणि खोल पाण्यातून किंवा नद्यांमधून येणारी पोषकद्रव्यं यांचा मेळ जमला की ते काही दिवसांत प्रचंड वाढतं. याला शैवालाचा बहर म्हणतात. बहुतेक बहर निरुपद्रवी असतात. मोजक्याच प्रजाती विष तयार करतात.

मग हे विष आपल्या ताटात कसं येतं?

तिसऱ्या, कालवं आणि गोव्यात 'शिनाण्यो' म्हणतात ते मसल्स पाणी गाळून खातात. विषारी शैवालही त्यांच्या पोटात जातं आणि विष मांसात साठत राहतं. शिंपला मात्र सहसा जिवंत आणि ताजाच दिसतो.

यातलं सर्वात घातक विष म्हणजे सॅक्सिटॉक्सिन. ते नसांमधून जाणारे संदेश अडवतं. आधी ओठ आणि जीभ झिणझिणते, मग बधिरपणा येतो. विषाचं प्रमाण जास्त असेल तर श्वासाचे स्नायू लुळे पडतात. त्यावर उतारा नाही. पण वेळेत कृत्रिम श्वास मिळाला तर रुग्ण वाचतो.

शिजवल्यावर विष मरत नाही का?

नाही. सॅक्सिटॉक्सिनला चव नाही, वास नाही. उकळून, तळून किंवा फ्रीजरमध्ये ठेवूनही त्यावर भरवसा ठेवता येत नाही. 'घरी नीट शिजवलंय' हे इथे उपयोगाचं नाही.

भारतात असं कधी घडलंय?

हो. १९८१ मध्ये तामिळनाडूतल्या वायलूर इथे शिंपले खाल्ल्यानंतर ८५ जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. तिघांचा मृत्यू झाला. सप्टेंबर १९९७ मध्ये केरळच्या विळिंजममध्ये मसल्स खाल्ल्यानंतर सात जण दगावले आणि ५०० हून अधिक जणांना रुग्णालयात न्यावं लागलं.

आधी कळू शकत नाही का?

हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था उपग्रहाच्या मदतीने शैवालाच्या बहरांची माहिती देते. ईशान्य अरबी समुद्र, केरळचा किनारा, मन्नारचं आखात आणि ओडिशातलं गोपाळपूर या चार भागांवर तिचं खास लक्ष असतं.

पण उपग्रहाला पाण्याचा रंग दिसतो, विष दिसत नाही. लाल पाणी निर्धोक असू शकतं आणि स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातले शिंपले विषारी असू शकतात. खात्री हवी तर शिंपल्याच्या मांसाचीच प्रयोगशाळेत तपासणी करावी लागते.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाने हा धडा १९२७ मध्ये घेतला. तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात १०२ जणांना विषबाधा झाली आणि सहा जण दगावले. आज तिथे साधारण मे ते ऑक्टोबर या काळात लोकांना स्वतः खाण्यासाठी समुद्रातले मसल्स काढायला बंदी असते. एक किलो मांसात ०.८ मिलिग्रॅमपेक्षा जास्त सॅक्सिटॉक्सिन असेल, तर ते खाण्यास असुरक्षित मानलं जातं. हीच मर्यादा अनेक देशांत आहे.

कोकणात ओहोटीला खाडीत उतरून घरापुरते शिंपले काढणारी कितीतरी कुटुंबं आहेत. हे शिंपले खाडीतून थेट चुलीवर जातात, मध्ये कुठलीही प्रयोगशाळा येत नाही. म्हणून किनाऱ्यावरची नियमित तपासणी आणि तिचा निकाल गावापर्यंत पोचणं सर्वात महत्त्वाचं.

तुम्ही काय करू शकता?

• पाण्याचा रंग अचानक बदलला किंवा मेलेले मासे किनाऱ्याला लागले, तर तिथले शिंपले खाऊ नका. मत्स्यव्यवसाय विभागाला कळवा.

• शिंपले खाल्ल्यानंतर काही मिनिटांत किंवा तासांत तोंडाला मुंग्या आल्या, तर थांबून बघू नका. लगेच रुग्णालय गाठा.

• काय खाल्लं आणि ते कुठून आणलं हे डॉक्टरांना सांगा. उरलेलं कालवण टाकू नका, तपासणीला उपयोगी पडेल. ज्यांनी तेच खाल्लंय, त्यांनाही सावध करा.